भिंगातलं बेट

आकेरीत घरामागे माणग्याचं बेट आहे,
वडिलांनी एका कंदापासून वाढवलेलं.
मार्गशीर्षात त्याच्या कोवळ्या काठ्यांवर
लोकर चढते.
लांबून वाटतं, कुणी कापूस पिंजला
आणि इथंच हात झटकले.

मला कळलं ते धुण्याच्या दगडावर.
वाळत घातलेली चादर चिकट,
दगड चिकट,
जास्वंदीची पानं तेल चोपडल्यासारखी,
आणि आठवड्याभरात त्या तेलावर काजळी,
तव्याच्या बुडाला धरते तशी.

इनास कुंपणापलीकडून म्हणाला,
"मावो तो. साबणाचा पाणी मार,
नायतर तोडून टाक ता बेट."
बांबूवाला रज्जाक काठीवर बोट फिरवून म्हणाला,
काळी काठी कोण घेणार,
शेकड्यामागं दोनशे कमी.

मी साबण भिजवला.
मग वडिलांचं भिंग आठवलं.

कुडाळच्या स्टँडमागं तीस वर्षं
त्यांनी ते उजव्या डोळ्यात धरलं.
आता दुकान मी चालवते.
सेल बदलते, पट्टे बदलते,
क्वचित कुणी चावीचं घड्याळ घेऊन आलं
तर भिंग खणातून बाहेर निघतं.

डोळा आवळून काठीपाशी वाकले.
लोकर नव्हेच ती. मेण.
अंगातून पाझरलेलं, धाग्याधाग्यानं वळलेलं.
बोटाला लागलं आणि विरलं,
खाली एक उघडी पडली, हिरवट काळी,
मोहरीएवढी,
सोंड काठीत रोवून बसलेली.
पळाली नाही.
पळायचं तर आधी सोंड उपटावी लागते.

सगळ्या बायाच.
पुरुष नाही या आळीत.
एकीच्या मागून पाय हलवत दुसरी बाहेर येत होती,
अंडं नाही, कोष नाही, थेट पोर,
आणि त्या पोरीच्याही पोटात म्हणे
तिची पोर सुरू झालेली असते.
घड्याळाच्या आत घड्याळ, त्याच्याही आत टिकटिक.
वडील असते तर
मागचं झाकण कुठून उघडतं ते शोधत बसले असते.

हुमले येत-जात होते.
मिशांनी थापटायचे,
मागून एक थेंब यायचा,
तो पिऊन पुढचीकडे.
डेअरीवरची सकाळ नुसती.
जे थेंब कुणी पीत नाही
ते माझ्या चादरीवर.

आणि कडेला त्या होत्या.
अंगावर लोकर जवळजवळ नाही,
पुढचे पाय जाड, कपाळाला दोन शिंगं.
कृषी सहायक तांडेल मॅडम नंतर म्हणाल्या,
ह्या मोठ्या होत नाहीत.
कात टाकत नाहीत, पोर होत नाही.
राखण करतात.

मी पाहिलं ते एवढंच:
एक अळी लोकर पांघरून आत सरकत आली,
चौघींनी तिला मिठी मारली,
शिंगं रुतवली,
आणि सगळ्या मिळून सुटल्या
काठीवरून खाली, पाचोळ्यात.
वर पिणं चालूच.
कुणी मान वळवली नाही,
मान वळवायची तिथं सोयच नाही.

खाली जाऊन शोधलं.
भिंगातून पाचोळा म्हणजे सह्याद्री.
बऱ्याच वेळानं एक सापडली.
अळी मेली होती, हीसुद्धा,
मिठी तेवढी सुटली नव्हती.

धाकट्या तिघींची लग्नं याच दुकानावर झाली.
सहज सांगितलं,
त्याचा इथं काही संबंध नाही.

साबणाचं पाणी अर्ध्या बेटावर मारलं.
रज्जाकचा हिशोब मलाही कळतो.
लोकर वाहून गेली, काठ्या नागड्या झाल्या,
बुडाशी मोहरी सांडल्यासारखं दिसलं.
न्हाणीमागचं अर्धं ठेवलं.
चादर आता पुढच्या अंगणात वाळते.

पौषात एका संध्याकाळी वारा पडला
तेव्हा काहींना पंख फुटलेले होते.
पायरीवर बसून मी कुणाच्या तरी आजोबांच्या
घड्याळाला चावी देत होते.
एक येऊन काचेवर उतरली,
सेकंदकाट्याबरोबर जरा चालली,
दमली,
मग उडाली ती सरळ कुंपणापलीकडे,
इनासच्या बेटाकडे.

त्याला अजून सांगितलेलं नाही.